आंत्वान द सेंत-एक्झुपेरी

आंत्वान द सेंत-एक्झुपेरी (जन्म : ल्योन, फ्रान्स, २९ जून १९००, मृत्यू : भूमध्य समुद्र, ३१ जुलै १९४४) हे फ्रेंच लेखक व वैमानिक होते. ‘ल पती प्रँस’ (छोटा राजकुमार) या शेकडो भाषांत अनुवादित झालेल्या पुस्तकाचे लेखक म्हणून ते जगभर परिचित आहेत. दुसऱ्या महायुद्धात टेहळणीच्या उड्डाणावर गेले असता ते बेपत्ता झाले. त्यांच्या विमानाचे अवशेष मार्सेय बंदराजवळच्या समुद्रतळाशी सन २००० मध्ये आढळले आणि ते त्यांचेच असल्याचे २००४ मध्ये, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ साठ वर्षांनी, अधिकृतपणे जाहीर झाले.

कौटुंबिक पार्श्वभूमी व शिक्षण

सेंत-एक्झुपेरी यांचा जन्म एका जुन्या सरदार घराण्यात झाला. घराण्याला नाव होते, पण संपत्ती फारशी उरलेली नव्हती. पाच भावंडांत ते तिसरे. ते चार वर्षांचे होण्यापूर्वीच १९०४ साली वडिलांचे अकस्मात निधन झाले आणि आई मारी यांनी नातेवाइकांच्या आधाराने मुलांना वाढवले. बालपणाचा सुखाचा काळ त्यांनी एका वृद्ध नातेवाईक बाईंच्या सेंत-मोरिस-द-रेमेन्स येथील वाड्यात घालवला. तेथून काही मैलांवर आंबेरिये येथे विमानतळ होता. बारा वर्षांचा आंत्वान सायकलवरून तेथे जाई, आणि १९१२ मध्ये त्याला तेथेच पहिल्यांदा विमानात बसायला मिळाले.

त्यांचे शालेय शिक्षण ल मां येथील जेझुइट शाळेत आणि पुढे स्वित्झर्लंडमधील फ्रिबूर येथे झाले. १९१७ मध्ये धाकटा भाऊ फ्रांस्वा संधिवातज्वराने वयाच्या पंधराव्या वर्षी वारला. या मृत्यूची छाया त्यांच्या पुढील लेखनावर दिसते. नौदल अकादमीच्या प्रवेश परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले. काही काळ त्यांनी वास्तुकलेच्या वर्गांना हजेरी लावली. १९२१ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेसाठी ते स्त्रासबूर येथील हवाई रेजिमेंटमध्ये दाखल झाले. तेथे त्यांची नेमणूक जमिनीवरील कामावर होती, म्हणून त्यांनी स्वखर्चाने विमान चालवण्याचे धडे घेतले आणि नंतर मोरोक्कोत लष्करी वैमानिकाचा परवाना मिळवला.

१९२३ मध्ये ल बूर्झे येथे त्यांच्या विमानाला अपघात होऊन त्यांना गंभीर दुखापत झाली. लुईझ द व्हिल्मोरँ यांच्याशी ठरलेला विवाह मोडला. त्यानंतरची दोन-तीन वर्षे कौलांच्या कारखान्याच्या कचेरीत हिशेब लिहिण्यात आणि मालमोटारी विकण्यात गेली. या दुसऱ्या कामात त्यांना जवळजवळ काहीच यश आले नाही.

टपाल विमानसेवा

१९२६ मध्ये ते तुलूझ येथील लातेकोएर कंपनीच्या विमान टपाल सेवेत रुजू झाले. तेथील प्रमुख दिदिए दोरा यांच्या कडक शिस्तीखाली नव्या वैमानिकाला आधी कार्यशाळेत इंजिने धुवावी लागत. जाँ मेर्मोझ आणि आंरी गियोमे हे त्यांचे दोन जिवलग सहकारी त्यांना येथेच भेटले. तुलूझ ते डाकार हा मार्ग स्पेन, मोरोक्को आणि सहाराच्या किनाऱ्यावरून जात असे. विमाने उघडी होती, इंजिने वरचेवर बंद पडत, आणि वाळवंटात उतरावे लागलेल्या वैमानिकाला स्थानिक टोळ्यांनी ओलीस धरण्याचा धोका असे.

१९२७ च्या ऑक्टोबरात त्यांना स्पॅनिश सहारातील केप जुबी येथील थांब्याचे प्रमुख म्हणून पाठवण्यात आले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळू, आणि शेजारी एक स्पॅनिश किल्ला अशा ठिकाणी ते सुमारे दीड वर्ष एका लाकडी खोपटात राहिले. टपालाची ये-जा सांभाळण्याबरोबरच वाळवंटात पडलेली विमाने आणि हरवलेले वैमानिक शोधून आणणे हे त्यांचे काम होते. त्यासाठी त्यांनी टोळ्यांच्या प्रमुखांशी ओळखी वाढवल्या, थोडीफार अरबी शिकून घेतली, आणि शत्रूच्या प्रदेशात अडकलेल्या विमानांपर्यंत यांत्रिकांसह पोहोचून ती परत आणली. या कामगिरीसाठी १९३० मध्ये त्यांना ‘लेजियों दॉनर’ हा सन्मान देण्यात आला. ‘कूरिये स्यूद’ (दक्षिणेची टपाल) ही पहिली कादंबरी त्यांनी केप जुबीतच लिहिली. ती १९२९ मध्ये प्रकाशित झाली.

गियोमे यांचा शोध

१९२९ च्या अखेरीस सेंत-एक्झुपेरी यांची नेमणूक अर्जेंटिनातील विमान टपाल कंपनीचे संचालक म्हणून ब्वेनोस आइरेस येथे झाली. १९३० च्या जूनमध्ये, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या ऐन हिवाळ्यात, गियोमे यांचे विमान अँडीज पर्वतात हिमवादळात सापडले आणि लागुना देल दियामांते या सरोवराकाठी बर्फात उतरताना उलटले. सेंत-एक्झुपेरी यांनी पाच दिवस त्या शिखरांमध्ये विमान फिरवून शोध घेतला. एवढ्या विस्तीर्ण पर्वतात एक लहानसे विमान दिसणे जवळजवळ अशक्य होते. हिवाळ्यात अँडीज माणसाला परत देत नाही, असे स्थानिक लोकांचे मत होते.

गियोमे मात्र विमान सोडून चालत निघाले होते. पाच दिवस आणि चार रात्री चालून ते वस्तीपर्यंत पोहोचले. त्यांच्या चालण्यामागचे एक कारण सेंत-एक्झुपेरी यांनी पुढे ‘तेर देझ ओम’ या पुस्तकात नोंदवले आहे. बर्फात कोसळून तेथेच मरावे असे वाटत असताना गियोमे यांना पत्नीच्या विम्याची आठवण झाली. प्रेत सापडले नाही तर बेपत्ता माणसाला कायद्याने मृत ठरवायला चार वर्षे जात, आणि तोवर तिच्या हाती पैसा पडला नसता. निदान समोरच्या खडकापर्यंत पोहोचावे, म्हणजे उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर शरीर सापडेल, या हिशेबाने ते उठले आणि मग चालतच राहिले.

मेर्मोझ १९३६ च्या डिसेंबरात दक्षिण अटलांटिकवर विमानासह नाहीसे झाले. गियोमे यांचे विमान १९४० च्या नोव्हेंबरात भूमध्य समुद्रावर पाडले गेले. तिघा मित्रांपैकी एकालाही कबर लाभली नाही, असे म्हणावे लागते.

विवाह, लेखन व अपघात

१९३१ मध्ये त्यांनी एल साल्वाडोरच्या कोन्सुएलो सुन्सिन यांच्याशी विवाह केला. हा संसार वादळी होता. दोघे अनेकदा वेगळे राहिले, तरी संबंध पूर्णपणे तुटले नाहीत. ‘छोटा राजकुमार’मधील गर्विष्ठ, खोकणारे आणि काट्यांचा तोरा मिरवणारे गुलाबाचे फूल कोन्सुएलोवरून सुचले, असे बहुतेक चरित्रकार मानतात. त्याच वर्षी ‘व्होल द नुई’ (रात्रीचे उड्डाण) ही कादंबरी आंद्रे जीद यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली आणि तिला फेमिना पुरस्कार मिळाला.

२९ डिसेंबर १९३५ रोजी पॅरिस ते सायगाव या विक्रमी उड्डाणासाठी ते यांत्रिक आंद्रे प्रेव्हो यांच्यासह निघाले. ठरावीक मुदतीत पोहोचणाऱ्यास दीड लाख फ्रँकचे बक्षीस होते. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या अंधारात त्यांचे विमान लिबियाच्या वाळवंटाच्या इजिप्तकडील भागात एका पठारावर आदळले. दोघेही वाचले, पण जवळ थोडी फळे, थोडी कॉफी आणि थोडी वाइन एवढेच होते. तहानेने भ्रम होऊ लागलेल्या अवस्थेत चौथ्या दिवशी एका बदाउनी उंटस्वाराने त्यांना पाहिले आणि पाणी दिले. १९३८ च्या फेब्रुवारीत ग्वातेमालात उड्डाण घेतानाच झालेल्या आणखी एका अपघातात त्यांची अनेक हाडे मोडली. त्या दुखापतींनी त्यांची पाठ आयुष्यभर सोडली नाही.

या अनुभवांतून १९३९ मध्ये ‘तेर देझ ओम’ (माणसांची पृथ्वी) हे पुस्तक सिद्ध झाले. त्याला फ्रेंच अकादमीचा कादंबरीसाठीचा मोठा पुरस्कार मिळाला, आणि इंग्रजी आवृत्तीला अमेरिकेत राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला. वस्तुतः ही कादंबरी नाही. आठवणी, वर्णन आणि चिंतन यांचे ते मिश्रण आहे. त्यांचे सर्वांत कसदार गद्य याच पुस्तकात असल्याचे अनेक समीक्षकांचे मत आहे.

दुसरे महायुद्ध

युद्ध सुरू झाल्यावर मित्रांनी सुचवलेली सुरक्षित कामे नाकारून ते २/३३ या टेहळणी गटात दाखल झाले. १९४० च्या मे महिन्यात जर्मन सैन्याने फ्रान्सची फळी फोडली, तेव्हा या गटातील २३ वैमानिक दलांपैकी १७ काही आठवड्यांतच नष्ट झाली. अरासवरील एका उड्डाणाचे वर्णन ‘पिलोत द गेर’ (युद्धातील वैमानिक) या पुस्तकात आहे. फ्रान्सच्या पाडावानंतर ते वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कला गेले.

अमेरिकेतील दोन वर्षे त्यांना जड गेली. त्यांनी इंग्रजी शिकण्याचे टाळले. निर्वासित फ्रेंच समाजात द गोलपंथी आणि व्हिशीपंथी असे तट पडले होते. सेंत-एक्झुपेरी दोन्हींपासून दूर राहिल्याने दोन्हींच्या संशयाला पात्र ठरले. याच काळात त्यांनी ‘छोटा राजकुमार’ लिहिले आणि त्यातील चित्रेही स्वतः काढली. वाळवंटात विमान बिघडलेला वैमानिक आणि लघुग्रहावरून आलेला मुलगा यांची ही कथा ६ एप्रिल १९४३ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रकाशित झाली. ती व्याप्त फ्रान्समध्ये राहिलेले ज्यू मित्र लेओं व्हेर्त यांना अर्पण केलेली आहे. फ्रान्समध्ये हे पुस्तक लेखकाच्या मृत्यूनंतर, १९४६ मध्ये आले.

पुस्तक बाजारात येत असतानाच ते उत्तर आफ्रिकेत आपल्या जुन्या गटाकडे परतले. हा गट आता अमेरिकी बनावटीची पी-३८ लाइटनिंग विमाने वापरत होता. या विमानाच्या वैमानिकासाठी वयोमर्यादा तीस-पस्तिशीच्या आत होती आणि सेंत-एक्झुपेरी ४३ वर्षांचे होते. १९४३ च्या उन्हाळ्यात विमान उतरवताना ते धावपट्टीच्या पुढे गेले. विमानाचे नुकसान झाले आणि त्यांना उड्डाणबंदी झाली. पुढचे आठ महिने त्यांनी अल्जीअर्समध्ये निरुद्योगी आणि खिन्न अवस्थेत काढले. द गोलपंथी प्रशासनाने तेथे त्यांच्या पुस्तकांच्या प्रसारावर बंदी घातली होती. अखेर १९४४ मध्ये अमेरिकी जनरल आयरा ईकर यांनी त्यांना पाच उड्डाणांची विशेष परवानगी दिली.

जुन्या दुखापतींमुळे त्यांना उड्डाणाचा पोशाख दुसऱ्याच्या मदतीशिवाय चढवता येत नसे आणि मान डावीकडे नीट वळवता येत नसे. एकाकी टेहळणी वैमानिकाच्या दृष्टीने ही गंभीर उणीव होती, कारण मागून येणारे शत्रूचे विमान दिसणे हाच त्याचा बचाव. त्यांचे विमान एफ-५बी या प्रकारचे होते. पी-३८ च्या या टेहळणी आवृत्तीत नाकातील तोफा काढून त्या जागी कॅमेरे बसवलेले असत.

अखेरचे उड्डाण

पाच उड्डाणांची मर्यादा केव्हाच ओलांडली गेली होती. ३१ जुलै १९४४ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास सेंत-एक्झुपेरी यांनी कॉर्सिका बेटावरील बोर्गो विमानतळावरून उड्डाण केले. ग्रनोबल आणि आनसीच्या परिसराची छायाचित्रे घेण्याची कामगिरी होती. दक्षिण फ्रान्समधील दोस्त राष्ट्रांचे सैन्यावतरण पंधरा दिवसांवर आले होते. विमान फ्रेंच किनारा ओलांडून आत जाताना रडारवर दिसले, परतताना दिसले नाही. दुपारी अडीचपर्यंत पुरेल एवढेच इंधन टाकीत होते. ती वेळ उलटल्यावर त्यांची नोंद बेपत्ता म्हणून करण्यात आली.

काही दिवसांनी मार्सेयच्या दक्षिणेस समुद्रात ओळख न पटणारा एक मृतदेह मिळाला आणि कार्केरान येथे दफन करण्यात आला. तो त्यांचाच असावा असे काही जण मानतात. ते सिद्ध झालेले नाही. १९४८ मध्ये त्यांना ‘फ्रान्ससाठी मृत’ हा अधिकृत दर्जा मिळाला. फ्रेंच कायद्यानुसार या दर्जामुळे लेखकाच्या स्वामित्वहक्काची मुदत तीस वर्षांनी वाढते.

प्रेत नाही, विमान नाही आणि साक्षीदारही नाही, यामुळे तर्कांना मोकळे रान मिळाले. प्राणवायूच्या नळीतील बिघाड, इंजिनाचा दोष, जर्मन लढाऊ विमानाचा हल्ला, अशी कारणे सुचवली गेली. त्यांच्या अखेरच्या पत्रांतील निराशेवर बोट ठेवून आत्महत्येचाही तर्क मांडला गेला. आल्प्सच्या दऱ्यांपासून निसच्या आखातापर्यंत निरनिराळ्या जागा सांगितल्या जात. १९९२ मध्ये निसच्या आखातात समुद्रतळाची यंत्रांनी पाहणी करण्यात आली. हाती काही लागले नाही.

विमानाच्या अवशेषांचा शोध

७ सप्टेंबर १९९८ रोजी मार्सेयचे कोळी जाँ-क्लोद बियांको यांच्या ‘लोरिझों’ या ट्रॉलरच्या जाळ्यात रियू बेटाजवळ काळवंडलेले एक चांदीचे कडे सापडले. त्यावर सेंत-एक्झुपेरी यांचे नाव, कोन्सुएलोचे नाव आणि न्यूयॉर्कमधील प्रकाशकांचा पत्ता कोरलेला होता. बियांको यांनी ते समुद्रतळ संशोधनातील उद्योजक आंरी-जेर्मेन देलोझ यांना दाखवले आणि त्यांनी आपल्या जहाजाद्वारे गुप्तपणे शोध सुरू केला. सात-आठ आठवड्यांनी बातमी फुटल्यावर वाद उसळला. असे कडे त्यांच्या हातात कोणी पाहिल्याचे आठवत नव्हते, आणि ते बनावट असल्याचा आरोप झाला. समुद्रात सापडलेली वस्तू ४८ तासांत प्रशासनाला कळवण्याचा नियम पाळला गेला नसल्याचाही आक्षेप होता. ज्यांनी हयातभर समुद्रातून मासे काढले त्या कोळ्याला काही काळ लबाड म्हणवून घ्यावे लागले. देलोझ यांच्या जहाजालाही विमान सापडले नाही. त्यांचा शोध मुख्यतः खोल पाण्यात होता.

स्थानिक व्यावसायिक पाणबुडे ल्यूक व्हानरेल यांना मात्र १९८० च्या दशकापासून रियू बेटाजवळ विमानाचे काही तुकडे पडलेले माहीत होते. मार्सेयच्या समुद्रात युद्धकाळातील विमानांचे अवशेष दुर्मिळ नाहीत, त्यामुळे त्यांनी त्याकडे विशेष लक्ष दिले नव्हते. कड्याची बातमी आल्यानंतर त्यांनी ती जागा पुन्हा तपासली, छायाचित्रे घेतली आणि पी-३८ च्या निरनिराळ्या आवृत्त्यांच्या आराखड्यांशी एकेक भाग ताडून पाहिला. चाकाच्या दांड्याचा भाग आणि इंजिनाच्या टर्बोचे अवशेष पी-३८ च्या उशिराच्या आवृत्तीशी जुळले. एफ-५बी याच आवृत्तीवर आधारलेले होते. २००० च्या मे महिन्यात त्यांनी आपला शोध अधिकृतपणे नोंदवला.

पुढची तीन वर्षे अवशेषांना हात लावण्याची परवानगी मिळाली नाही. सेंत-एक्झुपेरी यांच्या वारसांना हा शोध नको होता. लेखकाला समुद्रात शांतपणे राहू द्यावे, अशी त्यांची भूमिका होती. ती भावना समजण्यासारखी असली, तरी ओळख पटवण्याचा दुसरा मार्ग नव्हता. शेवटी २००३ च्या शरद ऋतूत पाण्याखालील पुरातत्त्व संशोधन करणाऱ्या सरकारी विभागाच्या देखरेखीखाली काही भाग वर काढण्यात आले. ट्रॉलरच्या जाळ्यांनी वर्षानुवर्षे ओढल्यामुळे विमान एका जागी उरले नव्हते, त्याचे तुकडे समुद्रतळावर दूरवर विखुरले होते.

निर्णायक पुरावा इंजिनाच्या टर्बोजवळील धातूच्या एका भागावर मिळाला. त्यावर हाताने ठोकलेले २७३४ हे आकडे आणि एक अक्षर होते. विमानांच्या अवशेषांचे अभ्यासक फिलिप कास्तेल्लानो यांना हा लॉकहीड कारखान्याचा उत्पादन क्रमांक असल्याचे आढळले. कारखान्याच्या यादीत २७३४ या क्रमांकासमोर ४२-६८२२३ हा लष्करी क्रमांक होता, आणि ३१ जुलै १९४४ रोजी न परतलेले विमान हेच. ७ एप्रिल २००४ रोजी फ्रेंच प्रशासनाने ही ओळख जाहीर केली. बियांको यांच्या कड्यावरील संशयही त्यामुळे मोठ्या प्रमाणात मावळला.

विमान का पडले, याचे उत्तर मात्र अवशेषांनी दिले नाही. वर काढलेल्या भागांवर गोळ्यांच्या खुणा आढळल्या नाहीत, पण ते भाग संपूर्ण विमानाचा लहानसा अंशच होते. त्याच परिसरात एका जर्मन मेसरश्मिट विमानाचे इंजिनही सापडले. ते १९४३ च्या अखेरीस मारल्या गेलेल्या आलेक्सिस त्सु बेंटहाइम या तरुण राजपुत्राच्या विमानाचे निघाले, त्यामुळे हवेतील टकरीचा तर्क बाद झाला. त्या इंजिनाच्या निमित्ताने जुन्या जर्मन वैमानिकांची विचारपूस सुरू झाली. तीतून २००८ मध्ये होर्स्ट रिपर्ट हे माजी वैमानिक पुढे आले. त्या दिवशी मार्सेयजवळ आपण एक पी-३८ पाडले, असे त्यांनी सांगितले. आपण सेंत-एक्झुपेरी यांच्या पुस्तकांचे चाहते होतो आणि आत कोण आहे हे माहीत असते तर गोळी झाडली नसती, असेही ते म्हणाले. त्या दिवसाच्या उपलब्ध जर्मन नोंदींत या दाव्याला दुजोरा मिळत नाही, म्हणून अनेक इतिहासकार तो ग्राह्य धरत नाहीत.

स्मारके

सेंत-एक्झुपेरी यांचे नाव पॅरिसच्या पाँतेओंमध्ये कोरलेले आहे. १९९३ मध्ये फ्रान्सच्या ५० फ्रँकच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले गेले. २००० मध्ये ल्योनच्या विमानतळाला त्यांचे नाव देण्यात आले. २५७८ क्रमांकाचा लघुग्रह त्यांच्या नावे आहे, आणि ४५ युजीनिया या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या उपग्रहाला ‘पती प्रँस’ हे नाव आहे. ‘सितादेल’ हा त्यांचा अपूर्ण राहिलेला मोठा ग्रंथ १९४८ मध्ये मरणोत्तर प्रकाशित झाला.

समुद्रातून काढलेले विमानाचे भाग पॅरिसजवळील ल बूर्झे येथील हवाई व अंतराळ संग्रहालयात ठेवलेले आहेत. १९२३ चा त्यांचा पहिला मोठा अपघात झाला तो याच विमानतळावर. विमानाचा उरलेला भाग रियू बेटाजवळ समुद्रातच आहे.